‘काका नव्हते ना!’ : वडोदऱ्यातील व्यवस्थापकांना आणि सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वडोदऱ्यातील कारखाने, पेढ्या, बँका आणि खासगी कार्यालये यांचे व्यवस्थापक व मनुष्यबळ अधिकारी,
तसेच तेथे काम करणारे माझे सहकारी यांस,

स. न. वि. वि.

येत्या ३० जूनला मी निवृत्त होत आहे. मकरपुऱ्यातील एका मध्यम आकाराच्या कारखान्याच्या हिशेब विभागात माझी एकतीस वर्षे गेली. त्यांतील शेवटची अकरा वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर ज्या बाई काम करतात, त्यांचे ऐकणे वयाच्या चौथ्या वर्षी झालेल्या मेंदूज्वरात जवळजवळ गेले. कारखान्याचे नाव मी लिहीत नाही, कारण याहून वाईट चालणाऱ्या जागा मला ठाऊक आहेत आणि गाऱ्हाणे एकाच दाराशी नेऊन ठेवण्याचा माझा हेतू नाही. बाईंचे नाव त्यांनी लिहू दिले नाही. पत्र मात्र त्यांनी वाचले आहे. पहिल्या मसुद्यात मी एके ठिकाणी ‘बिचाऱ्या’ असा शब्द वापरला होता. तो त्यांनी लाल शाईने खोडला आणि समासात लिहिले, ‘व्हाउचर नंबर?’ आधाराचा कागद नसलेली नोंद आमच्या विभागात अशीच परत जाते.

गेल्या हिवाळ्यात पुतणीच्या लग्नासाठी मी चार दिवस पुण्याला गेलो होतो. त्याच आठवड्यात कारखान्यात आग लागल्यास बाहेर कसे पडावे याची रंगीत तालीम झाली. भोंगा वाजला, शॉपवरचे, म्हणजे यंत्रांवर काम करणारे, आणि ऑफिसातले लोक काही मिनिटांत गेटजवळच्या पार्किंगमध्ये जमले, सुरक्षा अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहून समाधान व्यक्त केले, आणि मग हजेरी घेताना एक माणूस कमी भरला. बाई आपल्या टेबलाशी मान खाली घालून महिनाअखेरची बिले तपासत बसल्या होत्या. खोली रिकामी झाल्याचे त्यांना कळले ते चहावाल्या मुलाने दारात उभे राहून हातवारे केल्यावर. मी परतल्यानंतर हा प्रसंग मला कॅन्टीनमध्ये गंमत म्हणून सांगण्यात आला, आणि सांगणाऱ्याने शेवटी जे म्हटले त्यात त्याला स्वतःला काहीच वावगे वाटले नाही: “काका नव्हते ना!”

अकरा वर्षांत कारखान्याने त्यांच्यासाठी जी काही व्यवस्था केली होती, ती म्हणजे मी. या व्यवस्थेला रजा लागत असे, तिला सर्दी होत असे, आणि आता ती साठीला आली आहे.

कोणी ठरवून असे केले नव्हते. बाई रुजू झाल्या त्या पहिल्या आठवड्यात त्यांच्यासाठी एक फोन आला, तो मी घेतला आणि निरोप माल पाठवण्याच्या जुन्या चलनाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून त्यांच्यापुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी दुसरा निरोप आला. महिन्याभरात सगळ्या विभागाची अशी समजूत झाली की बाईंना काही सांगायचे असेल तर ते काकांना सांगावे. साहेबांनी माझ्या वार्षिक अहवालात ‘सहकार्यशील’ असा शेरा मारला. मलाही ते आवडत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते ही भावना उतारवयात फार सुखाची असते.

त्या सुखाची दुसरी बाजू मला उशिरा दिसली. तासाभराची बैठक मी चार ओळींत लिहून देत असे, आणि त्या चार ओळी कोणत्या, हे ठरवणारा मीच होतो. सहा वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीच्या शेवटी, लोक खुर्च्या मागे सरकवत असताना, साहेब म्हणाले की नव्या हिशेब प्रणालीच्या दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी विभागातून दोन नावे पाठवायची आहेत. हे मी लिहिले नाही. प्रशिक्षण म्हणजे मोठ्या खोलीतले व्याख्यान, पडद्याकडे तोंड करून बोलणारा शिक्षक, त्यात बाईंना त्रासच होईल, असे मी मनातल्या मनात ठरवून टाकले. दुसरी दोन नावे गेली. बाईंना ते दोन महिन्यांनी कळले, तेव्हा त्यांनी मला एवढेच विचारले, “हे त्यांनी ठरवलं की तुम्ही?” एका चांगल्या स्वभावाच्या माणसावर सोडून दिलेली मदत त्या माणसाच्या समजुतीएवढीच मोठी होते. म्हणून हे पत्र दयाळू सहकाऱ्यांची संख्या वाढवावी अशी विनंती करण्यासाठी नाही. मदत माणसाच्या स्वभावावर न सोडता कामाच्या कागदावर आणावी, एवढे सांगण्यासाठी आहे.

वडोदऱ्यात या गोष्टीला एक खास पीळ आहे. बाईंचे घर डांडिया बाजारात, घरची भाषा मराठी, आणि ओठ वाचायला त्या आईच्या तोंडाकडे पाहून शिकल्या. कारखान्यात मात्र शॉपवर गुजराती चालते, कंत्राटी कामगारांशी हिंदी, कागदावर इंग्रजी, आणि मराठी आम्हा दोघांपुरती. ओठ वाचणे म्हणजे छापलेला मजकूर वाचणे नव्हे. प, ब आणि म हे तिन्ही वर्ण ओठ मिटूनच उच्चारले जातात, त्यामुळे पार, बार आणि मार हे शब्द पाहणाऱ्याला एकसारखेच दिसतात. त्यांतला कोणता, हे वाक्याच्या अंदाजाने ठरवावे लागते, आणि अंदाज बांधायला ती भाषा अंगवळणी पडलेली लागते. त आणि ठ यांतला फरक तर जीभ तोंडाच्या आत करते, बाहेर त्याची खूणच उमटत नाही. एकोणपन्नासची सवय असलेल्या डोळ्यांपुढे कोणी भरभर गुजरातीतले ‘ओगणपचास’ म्हटले की त्यातला शेवटचा ‘पचास’ तेवढा हाती लागतो. दिवसाचे आठ तास हे चालते. दुपारी चारनंतर बाईंच्या चुका वाढतात असे एका साहेबांनी एकदा नोंदवले होते. दिवसभर असे डोळे ताणून चारनंतर माझ्या किती चुका झाल्या असत्या, हे त्यांनी विचारले नाही.

कानातल्या यंत्राबद्दलही एक गैरसमज सर्वत्र आढळतो. यंत्र आवाज मोठा करते; तो स्पष्ट करीलच असे नाही. पंखा, प्रिंटर आणि बाहेरचा काँप्रेसर यांचे आवाजही ते तितक्याच इमानाने मोठे करते. ओरडून बोलणाऱ्याचे तोंड वेडेवाकडे होते आणि ओठ वाचणे आणखी अवघड जाते. समोर उजेडात उभे राहावे, नेहमीच्या गतीने बोलावे, आणि कळले नाही तर तेच शब्द पुन्हा न उच्चारता वाक्य बदलून पाहावे, एवढे शिकायला कोणालाही दहा मिनिटे पुरतात. आमच्याकडे ती दहा मिनिटे अकरा वर्षांत कोणी काढली नाहीत.

एका शुक्रवारी संध्याकाळी लोडिंगच्या सुपरवायझरने दारातून खोक्यांचा आकडा सांगितला, साठ. बाईंना तो सात दिसला. मराठी, गुजराती, हिंदी, कोणत्याही भाषेत हे दोन आकडे ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे भाषा बदलूनही उपयोग नव्हता. चलन सात खोक्यांचे झाले, ट्रकमध्ये साठ चढली, आणि गेटवर मोजणी जुळेना म्हणून गाडी दोन तास अडून राहिली. सुपरवायझर म्हणत राहिला, “में तो कह्युं हतुं.” त्याने सांगितले होते हे खरेच होते. चौकशीत चूक बाईंच्या नावावर लागली. त्यानंतर बाईंनी स्वतः असा आग्रह धरला की आकडा तोंडी सांगायचाच नाही, चिठ्ठीवर अंकी आणि अक्षरी लिहून द्यायचा. महिनाभर सगळ्यांनी नाके मुरडली. पुढे असे झाले की ज्यांना उत्तम ऐकू येते त्या दोन कारकुनांचे आणि सुपरवायझरचे आकड्यांवरून रोज होणारे वादही जवळजवळ थांबले. या सुधारणेवर कारखान्याचा किती खर्च झाला, हे हिशेब विभागात असूनही मला सांगता येत नाही, कारण चिठ्ठ्यांना रद्दी कागद वापरले होते.

राज्यकारभाराचे शब्द नेमके असावेत म्हणून याच शहरात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, आठ भाषांचा कोश छापला गेला. त्या शहरातल्या कचेरीत आज एक आकडा कागदावर लिहून मागणाऱ्या बाईंना ‘फार नखरे’ असे म्हटले जाते.

२०२० साली तोंडावर मुखपट्ट्या आल्या आणि बाईंसाठी सगळे ऑफिस एका दिवसात मुके झाले. गंमत अशी की त्याच काळात बैठका संगणकावर होऊ लागल्या आणि पडद्याखाली बोलण्याची अक्षरे उमटू लागली, तेव्हा बाईंनी पहिल्यांदा माझ्या चार ओळींशिवाय अख्खी बैठक ‘ऐकली’ आणि साहेबांना दोन प्रश्न विचारले. नावे आणि आकडे त्यात चुकत, पण चुकलेले निदान दिसत होते. ऑफिस पुन्हा भरू लागले आणि ती सोय गेली. बोलणे अक्षरांत उमटवणारी सोय आता साध्या मोबाइलवर मराठी, गुजराती आणि हिंदीतही मिळते; आमच्याकडे मात्र सुरक्षेच्या नियमानुसार मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. एका माणसाला, एका कामासाठी, सहीनिशी सवलत देणारे चार ओळींचे पत्र पुरले असते. ते कोणी द्यायचे, हे कोणत्याच कागदावर नसल्यामुळे कोणीच दिले नाही.

आता कायद्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस आहेत. यातील वाजवी सोय या कल्पनेचा अर्थ साधा आहे: आस्थापनेवर अवाजवी बोजा न टाकता, त्या माणसाला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून करायचा आवश्यक तो बदल. पदोन्नती नाकारू नये, नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर कामावरून काढू नये, या कलम २० मधील हमी सरकारी आस्थापनांना उद्देशून आहेत, हे मी जाणतो, आणि खासगी मालक तेवढेच वाक्य पुढे करतात हेही जाणतो. पण कलम २१ खासगी आस्थापनांनाही सोडत नाही. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावयाचे आहे आणि त्याची प्रत दिव्यांगांसाठीचे मुख्य आयुक्त किंवा राज्य आयुक्त यांच्याकडे नोंदवावयाची आहे. या कायद्याखालील २०१७ च्या नियमांतील आठव्या नियमाप्रमाणे वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने त्या धोरणात सोयी, योग्य पदांची यादी, निवडीची रीत, भरतीनंतरचे आणि पदोन्नतीपूर्वीचे प्रशिक्षण, विशेष रजा, सहायक साधने, अडथळामुक्त जागा आणि या सर्वांसाठी नेमलेला संपर्क अधिकारी यांचा उल्लेख करावयाचा आहे. कायदा मोडल्यास कलम ८९ प्रमाणे पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुन्हा मोडल्यास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड आहे. वीस माणसे तर आमच्या एका पाळीत एका शेडखाली असतात. आपल्या कारखान्याचे धोरण कोठे लावले आहे, असे मी गेल्या महिन्यात विचारले, तेव्हा मला स्वच्छतेचे धोरण दाखवण्यात आले.

सोय मागणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो प्रमाणपत्रावरील दिव्यांगत्वाच्या टक्क्यांचा. चाळीस टक्के हा आकडा आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. काम करता यावे म्हणून द्यायच्या सोयीचे ते मोजमाप नव्हे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात, लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. आमच्या स्टोअरमधील एकाने अपघातानंतर उभे राहवत नाही म्हणून उंच स्टूल मागितले होते. प्रमाणपत्रावर तीस टक्के होते, म्हणून अर्ज परत आला. त्या अर्जावर जेवढ्या सह्या झाल्या तेवढ्या वेळात स्टेशन रोडवरून स्टूल आणून झाले असते.

व्यवस्थापकांकडे माझे मागणे असे आहे की ज्याला सोय हवी आहे त्यालाच समोर बसवून, काय हवे ते विचारून लिहून काढावे, आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या असाव्यात. आमच्या बाईंच्या कागदावर काय असते ते मला पाठ आहे: आकडे आणि तारखा नेहमी लेखी, बैठकीचे विषय आदल्या दिवशी आणि निर्णय त्याच दिवशी लेखी, दार दिसेल अशी बसण्याची जागा, म्हणजे मागून कोणी येऊन खांद्यावर हात ठेवून दचकवणार नाही, भोंग्याबरोबर लुकलुकणारा दिवा, तो टेबलाशी तसाच स्वच्छतागृहातही, आणि आणीबाणीत त्यांच्यापाशी जाणारी दोन ठरलेली माणसे. दोन, एक नव्हे. फोनची कामे दुसऱ्याला देऊन त्याच्याकडील बँकेचे मेळपत्रक, म्हणजे बँकेच्या आणि आमच्या नोंदी जुळवण्याचे काम, बाईंना द्यावे. ते त्या आमच्यापैकी कोणाहीपेक्षा लवकर जुळवतात. नऊ वर्षे त्या एकाच श्रेणीत आहेत, आणि पदोन्नतीच्या अर्जावरचा शेरा दर वेळी तोच, ‘फोन हाताळू शकत नाहीत.’ पुढच्या पदावरचे काम लेखापरीक्षकांसाठी कागद तयार करण्याचे आहे. त्या पदावर आज बसलेल्या गृहस्थांना फोन आला की ते तो मला जोडून देतात.

आता सहकाऱ्यांशी दोन शब्द. “त्यांना सवलत, मग आम्हाला का नाही?” हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकला आहे आणि तो विचारणाऱ्याला दुष्ट समजण्याचे मला कारण दिसत नाही. कोणाचे काम वाढले आणि ते कोठेच लिहिले गेले नाही, तर त्याला राग येणारच. माझे रोजचे पाऊण तास निरोप लिहिण्यात जात, माझे स्वतःचे काम सात वाजेपर्यंत चाले, आणि हिशेबात ते पाऊण तास कोणी धरले नाहीत. मी कुरकुर केली नाही, पण माझ्या जागी मुलाला शाळेतून आणायची घाई असलेली एखादी तरुण सहकारी असती तर तिने केली असती, आणि तिचे बरोबर असते. म्हणून असे काम कोणाकडे असेल तर ते त्याच्या कामाच्या तक्त्यात लिहिलेले असावे, त्यासाठी दुसरे काम कमी केलेले असावे, आणि आलटून पालटून ते बदलत राहावे. फुकटच्या मदतीचा राग अखेर ज्याला मदत केली त्याच्यावरच निघतो.

कॅन्टीनमधली गोष्ट मात्र तक्त्यात लिहिता येणार नाही. जेवणाच्या टेबलावर आठजण हसतात, नववी व्यक्ती विचारते काय झाले, आणि कोणीतरी हात झटकून म्हणते, “कंई नहीं, जवा दो ने.” ते वाईट मनाने म्हटलेले नसते, विनोद पुन्हा सांगायचा कंटाळा असतो, इतकेच. बाईंनी मला एकदा सांगितले की अकरा वर्षांत त्यांना सर्वांत अधिक वेळा उद्देशून म्हटले गेलेले वाक्य हेच असावे, आणि गुजरातीतले कोणत्याही ओठांवर चटकन ओळखू येणारे वाक्यही हेच. आता त्या डबा आपल्या टेबलावरच खातात. त्यांना एकटे राहायला आवडते असे ऑफिसात म्हटले जाते. मीसुद्धा ते म्हटले आहे.

निवृत्त होणाऱ्या माणसाला आमच्याकडे चार्ज देण्याची एक यादी भरावी लागते. कपाटाच्या किल्ल्या, चेकबुकांचे रजिस्टर, जुन्या फायली, कॅल्क्युलेटर, अशा चौदा ओळी छापलेल्या असतात. प्रत्येकीसमोर घेणाऱ्याची सही होते. पंधरावी ओळ मी हाताने लिहिली: शेजारच्या टेबलाला बैठकांचे लेखी निर्णय, निरोप आणि आणीबाणीची सूचना देणे. यादी वरून परत आली. पंधराव्या ओळीवर पेन्सिलीने काट मारून ‘लागू नाही’ असे लिहिले होते. मी ती पेन्सिल खोडून, त्या ओळीला बाईंनी स्वतः लिहिलेला एक पानाचा कागद आणि नियम आठची प्रत जोडून, यादी पुन्हा वर पाठवली आहे. चौदा ओळींसमोर सह्या झाल्या आहेत. पंधरावी अजून कोरी आहे, आणि माझे कामाचे अकरा दिवस उरले आहेत.

आपला,
हिशेब विभागातील एक कर्मचारी
वडोदरा